एक कापायला, एक बसवायला

मधली सुट्टी संपत आली होती. इंदापूरच्या आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी नववीच्या गणिताच्या वह्या पुढ्यात घेऊन बसलो होतो आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. गेल्या आठ महिन्यांत मला अनोळखी नंबरवरून दोनच प्रकारची माणसं फोन करत होती. एक कुरिअरवाले, आणि दुसरा तो गाड्यांचे सुटे भाग विकणारा पुण्याचा पार्टवाला. त्याला कधी उलटा फोन करायची बुद्धी झालीच तर तो दर वेळी नव्या नंबरवरून करायचा, जुन्या नंबरवर आम्ही त्याला गाठतो हे कळल्यापासून. त्यामुळे मी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही. "आता तरी खरं सांगा," मी जवळजवळ ओरडलोच, "निघालाय की नाही?" पलीकडे कुणी बोलेना. मला वाटलं, नवी थाप जुळवतोय. मग बारीक आवाज आला, "काका, मी शबाना. दवाखान्यातल्या सिस्टरच्या फोनवरनं बोलतीय... अब्बा गेले."

युनूसभाई मुलाणी यांच्या जाण्याची बातमी मला अशी कळली, आणि तिला मी दिलेलं पहिलं उत्तर म्हणजे ती ओरड. शबाना, त्यांची एकुलती एक लेक, पुढे म्हणाली की तिला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण घरात कुणाचाही फोन वाजला की सगळे असेच ओरडत होते. पण मला ते वाक्य अजून गिळता येत नाही. त्या दिवशी मी हजेरीपुस्तक तसंच उघडं टाकून बारामतीला निघालो. सकाळी अकराच्या सुमाराला ते गॅरेजमध्ये काम करता करता खाली बसले, छातीवर हात ठेवून "जरा पाणी दे" म्हणाले. पाणी येईपर्यंत बोलणं थांबलं होतं. दवाखाना पाच मिनिटांवर होता, तरी उशीर झालाच. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर माती दिली. वय सत्तावन्न. ज्या इंजिनासाठी त्यांनी अडीच वर्षं घालवली ते मागे टेबलावर फडक्याखाली झाकलेलं होतं, एका पिस्टनवाचून अडलेलं. कब्रस्तानातून परतताना माझ्या मनात दुःख होतंच, पण खरं लिहायचं तर त्याहून जास्त राग होता. माणूस मेल्यावर राग कुणावर काढायचा हा मोठाच प्रश्न असतो. माझ्यापुढे तो नव्हता. माझ्याकडे त्या पार्टवाल्याचे सात फोननंबर होते.

युनूसभाईंचे वडील कऱ्हाटीला विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताखाली शिकून युनूसभाई बारामतीत आले आणि इंदापूर रस्त्याला दोन शटरचं गॅरेज टाकलं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॉलेजात होतो, निमगाव केतकीहून रोज मोटरसायकलवर बारामतीला यायचो, आणि गाडी कशी पळवावी याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं. गाडी आवाज करत होती. दुसरा कुठलाही मिस्त्री असता तर किक मारून, कान देऊन, 'हे गेलंय, ते गेलंय' सुरू झाला असता. यांनी गाडीला हातच लावला नाही. मला विचारलं, "कवा वाजतं? चढाला का उताराला? थंड आसताना का तापल्यावर?" मी म्हटलं, ते तुम्ही बघा ना. तर म्हणाले, "मी तासभर बघणार. तू वर्षभर हिच्यावर बसतोयस. तुला जास्त ठाव आसणार की." त्या दिवशी मला कुणीतरी पहिल्यांदाच मोठ्या माणसासारखं वागवलं. त्यानंतर मी त्यांचं गॅरेज सोडलं नाही. त्यांनी माझ्या साध्या गाडीचं इंजिन हळूहळू असं घडवलं, की डाळजच्या माळावर दर उन्हाळ्यात मातीतल्या शर्यती व्हायच्या त्यात पुण्या-कोल्हापूरची मुलं मला विचारायची, हे कुणाचं काम आहे? मी नाव सांगायचो. ते ऐकून ती बारामतीला यायची, आणि युनूसभाई त्यांनाही तेच विचारायचे, कवा वाजतं?

शर्यतीच्या इंजिनाला बाजारातले साधे सुटे भाग चालत नाहीत. जास्त ताण सोसणारे खास भाग लागतात, आणि ते विकणारी दुनिया वेगळी असते. तिथे दुकान दिसत नाही, माणूस दिसत नाही, फोनवरचा आवाज असतो आणि एक चकचकीत खोका असतो. मी सव्वीस वर्षांचा असताना अशाच एका खोक्यातून आलेला कनेक्टिंग रॉड माझ्या गाडीत बसला. रॉड म्हणजे पिस्टनला इंजिनाच्या आतल्या खालच्या चाकाशी जोडणारा दांडा. त्याच्या खालच्या टोकाला जी जाडजूड पोलादी पिन असते, तिच्यावर सगळ्या इंजिनाचा भार. पार्सल महिनाभर रखडलं आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी आलं. मीच गळ घातली, बसवा, बसवा. युनूसभाईंनी बसवला. डाळजच्या माळावर तिसऱ्या फेरीला, उंचवट्यावरून गाडी हवेत असताना ती पिन खाल्ली गेली, इंजिन जाम झालं, मागचं चाक जमिनीला टेकलं ते न फिरताच. पुढचं मला आठवत नाही. गुडघ्याचे तीन तुकडे झाले. पुढे तो पार्ट तपासला तेव्हा कळलं, साधी मऊ पिन घासून चकचकीत केली होती आणि खोक्यावर 'रेसिंग' छापलं होतं. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, शर्यतीत वापरलेल्या मालाची आम्ही हमी देत नाही. शर्यतीसाठी म्हणून विकलेला माल! हे वाक्य मी आजही वर्गात तर्कदोषाचं उदाहरण म्हणून देतो. मुलं हसतात.

युनूसभाई दवाखान्यात आले ते दारातच उभे राहिले. आई म्हणाली, आत या. आले नाहीत. तिथूनच मला म्हणाले, "मोजलं न्हाय मी. टाइम न्हवता म्हणून मोजलं न्हाय." मी म्हटलं, घाई माझी होती. ते म्हणाले, "घाई तुजी, हात माजा." आणि गेले. मी पुढे बी.एड. केलं, मास्तर झालो, लग्न झालं, गाडीचा नाद सुटला. माझ्या दृष्टीने ती गोष्ट संपली. त्यांच्या दृष्टीने ती कधीच संपली नाही हे मला कळायला फार वर्षं लागली.

त्या अपघातानंतर युनूसभाई प्रत्येक गोष्ट मोजू लागले. नवा पार्ट आला की आधी खोका सगळ्या बाजूंनी बघायचे, चिकटपट्टी एकदाच मारलीय की दोनदा. मग पार्ट रॉकेलनं धुऊन पुसायचा, वजन करायचं, मायक्रोमीटरनं चार ठिकाणी माप घ्यायचं. पिन असली तर तिच्या कडेला बारीक कानस हलकेच फिरवायची. "कानस घसरली पायजे," ते सांगायचे. "धरली, तर पिन मऊ." दहातले चार पार्ट परत जायचे. गिऱ्हाइकं वैतागायची, कारण दुसरीकडे दोन दिवसांत होणाऱ्या कामाला इथे दोन महिने लागायचे. बरीचशी तुटलीच. शर्यतीचं काम कमी होत गेलं आणि शेवटी ट्रॅक्टरचे पंप आणि दुधाच्या गाड्या उरल्या. रझियावहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या गुडघ्यानं आमचा धंदा खाल्ला बघा." हसून म्हणाल्या, पण मी ओशाळलो.

शबाना याच गॅरेजमध्ये वाढली. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, एमआयडीसीत नोकरी धरली आणि मैत्रिणीची गाडी मागून घेऊन मातीतल्या शर्यतीत मुलींच्या गटात उतरू लागली. बापाला न सांगता. दुसऱ्या वर्षी तिसरी आली तेव्हा गॅरेजवरच्या एका गिऱ्हाइकानं युनूसभाईंना मोबाइलवर फोटो दाखवला. दोन दिवसांनी त्यांनी फलटणकडच्या एका माणसाकडून जुनी टू-स्ट्रोक गाडी टेम्पोत घालून आणली. आणि मला निरोप धाडला, "मास्तर, या. मला फोनवर बोलायला माणूस पायजे." कारण या जुन्या गाडीचे भाग कंपनीनं बनवणं केव्हाच बंद केलं होतं. पुन्हा त्याच आवाजांच्या दुनियेत जायचं होतं, आणि आता तिथे सगळा कारभार इमेल, हिंदी आणि व्हॉट्सअॅपवर चालत होता. युनूसभाई म्हणाले, "पोरगी मागून आणलेल्या गाडीवर बसणारच हाय. त्यापरीस मी मोजलेल्या गाडीवर बसू दे."

आम्हाला वाटलं होतं, सहा महिने लागतील.

पुढच्या अडीच वर्षांबद्दल शांतपणे लिहावं असं मी ठरवलं होतं. जमणार नाही. रॉड मागवला, तो साडेतीन महिन्यांनी आला. कानस फिरवली, कानसेनं पिन धरली. परत पाठवला. विकणारा म्हणाला, 'सर, कानस लावली म्हणजे तुम्ही माल वापरला.' मी म्हटलं, लावली नसती तर कळलं कसं असतं? तो म्हणाला, 'सर, कळायची गरजच काय, आमचा माल चांगलाच असतो.' असं दोन महिने चाललं. दुसरा रॉड आला, तो चांगला निघाला. मग पिस्टन. पिस्टनवर सदुसष्ट मिलिमीटरचा शिक्का होता आणि मायक्रोमीटर सहासष्ट पूर्णांक आठ दाखवत होता. मी फोन केला. तो गोड आवाजात म्हणाला, 'सर, तुमचा मायक्रोमीटर चेक करून घ्या.' युनूसभाईंनी तो खरंच पॉलिटेक्निकमध्ये नेऊन तपासून आणला. मायक्रोमीटर बरोबर होता. पुढचा पिस्टन मापाचा होता, पण त्याला रॉडशी जोडणारी वरची पिन त्याच्या भोकात शिरेना. त्याच्या पुढचा पिस्टन 'आज निघतोय' असं ऐकत आम्ही एक अख्खा उन्हाळा काढला. डिस्पॅच झालंय, सिस्टीम डाउन आहे, गाडी भिगवणला पोचलीय, पत्ता सापडत नाही... इंदापूर रस्त्यावर पंचवीस वर्षं बोर्ड असलेल्या गॅरेजचा पत्ता सापडत नव्हता! मी दर रविवारी निमगावहून बारामतीला जायचो, कुरिअरच्या ऑफिसात उभा राहायचो आणि 'उद्या बघा' ऐकून गॅरेजवर यायचो. युनूसभाई माझ्या तोंडाकडे बघून ओळखायचे. स्वतः कधी चिडायचे नाहीत. त्याचाच मला जास्त राग यायचा. मी त्यांच्या वतीनं भांडून घसा कोरडा करायचो आणि हे शांतपणे दुधाच्या गाडीचा क्लच खोलत बसायचे.

तो पिस्टन शेवटी आला तेव्हा मुलींच्या शर्यतीला अठरा दिवस उरले होते. माप बरोबर. वजन बरोबर. पिन बोटानं दाबली की शिरत होती, हवी तशी. शबानानं मला आनंदानं फोन केला. मी रविवारची वाट न बघता शाळा सुटल्यावर तसाच गेलो, तर गॅरेजमध्ये दोघं बापलेक तोंड फिरवून बसलेले. खोक्यावर चिकटपट्टी दोनदा मारलेली होती. खोका आधी कुणीतरी उघडला होता. शर्यतीचा पिस्टन घडीव असावा लागतो, म्हणजे धातूचा गोळा दाबून, ठोकून घडवलेला. साधा पिस्टन ओतीव असतो. वरून पॉलिश केलं तर दोन्ही सारखेच दिसतात. युनूसभाईंना शंका होती की आतला पिस्टन बदललाय. मी विकणाऱ्याला प्रमाणपत्र मागितलं. त्यानं तासाभरात फोटो पाठवला. प्रमाणपत्र दुसऱ्याच कुठल्यातरी पार्टचं होतं. "बसवत न्हाय मी," युनूसभाई म्हणाले.

शबाना रडली नाही. ती म्हणाली, "अब्बा, तुमाला चांगला पार्ट नकोच हाय. तुमाला कारण पायजे." आणि हेल्मेट उचलून निघून गेली. मग मी तोंड उघडलं. त्याआधीच्या वीस वर्षांत मी त्यांना एकदाही उलट बोललो नव्हतो, ते सगळं त्या संध्याकाळी निघालं. मी म्हटलं, सगळं माप बरोबर आहे, एका चिकटपट्टीपायी पोरीचं वर्ष घालवताय, तुम्ही मिस्त्री राहिला नाहीत, तुम्ही भ्यालात. ते खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, "व्हय, भितोय." माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "तुज्या गुडघ्यात सळई हाय नव्हं आजून? थंडीत दुखतंय नव्हं?... मग." मला एकदम त्यांच्यासमोर उभं राहणं जड झालं. मी तसाच एसटी स्टँडवर गेलो. त्या वर्षी शबाना शर्यतीत उतरली नाही. मागून आणलेल्या गाडीवरही नाही. तो तिचा हट्ट. बापाशी ती महिनाभर कामापुरतंच बोलत होती.

पुढे काय झालं ते मला शबानानंच सांगितलं. तिनं तो पिस्टन उचलला आणि आपल्या जुन्या कॉलेजात नेला. बापाला खोटं पाडायचंच असं ठरवून. तिथल्या सरांनी सांगितलं, आतली घडण बघायची तर तो कापावा लागेल. तिनं कापायला सांगितला. मधोमध चिरून, घासून, तेजाब लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पिस्टन घडीव होता. एक नंबर. त्या दोनदा चिकटवलेल्या खोक्यात, चुकीच्या प्रमाणपत्रासोबत, अगदी हवा तसा अस्सल पिस्टन आला होता, आणि तो चांगला आहे हे कळेपर्यंत त्याचे दोन तुकडे झाले होते.

तिनं ते दोन तुकडे आणून बापापुढे ठेवले. त्या रविवारी मी तिथेच होतो. भांडणानंतर पहिल्यांदा गेलो होतो, चहाचं निमित्त काढून. युनूसभाईंनी दोन्ही तुकडे हातात घेतले, उलटसुलट केले, कापलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. "चांगला हुता," म्हणाले. शबाना म्हणाली, "हुता ना? मग?" तेव्हा ते जे बोलले ते मी तंतोतंत लिहून ठेवलंय. "हुता. पर मला ठाव न्हवतं. वाईट माल दिला त्याचं काय न्हाय शबाना, त्यो परत धाडता येतो. पर या लोकांनी चांगला माल वळखायची सोय ठेवली न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, दोन मागवा. एका लॉटचे. एक कापायला, एक बसवायला."

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. पण ते चेष्टा करणाऱ्यांतले नव्हते. त्या दिवशी शबाना पहिल्यांदा हसली, आणि मग तिघंही असे हसलो की शेजारचा टायरवाला डोकावून गेला. मी ऑर्डर दिली. दोन पिस्टन, एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेला बनलेले, एक कापून बघितला की दुसऱ्याचं कळावं असे. विकणाऱ्यानं तीनदा विचारलं, 'सर, गाडीला सिलिंडर एक ना? मग दोन कशाला?' मी खरं कारण सांगितलं. त्यानं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, 'सर, आजच निघतोय माल.' ही गोष्ट त्यांच्या जाण्याच्या आठ महिने आधीची.

त्या आठ महिन्यांत युनूसभाई थकलेले मला दिसले होते. जिना चढताना थांबायचे. मी म्हटलं, तपासून घ्या. म्हणाले, "घेतो, हे इंजिन हुबं राहू दे." असं सगळेच म्हणतात म्हणून मी सोडून दिलं. आता वाटतं, विकणाऱ्याला सात नंबरांवर शोधत फिरण्यात जो जोर मी घालवला त्यातला थोडा त्यांना धरून दवाखान्यात नेण्यात घालवायला हवा होता. हा विचार मी कितीही बाजूला सारला तरी येतोच. पार्टवाल्याला शिव्या देणं सोपं आहे. तो फोन उचलत नाही. इथे तर माणूस समोर बसलेला होता आणि मी त्याला फक्त कुरिअरची खबर विचारत होतो.

माती दिल्यानंतर आठव्या दिवशी पार्सल आलं. गॅरेजचा पत्ता या वेळी बरोबर सापडला. आत एकच पिस्टन होता.

मी त्या माणसाला फोन केला. इतर सहा नंबर बंद होते, सातवा लागला. मी काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. तो नेहमीसारखा 'सर, दुसरा बॅकऑर्डरमध्ये आहे, सर' म्हणत राहिला. शेवटी मी म्हटलं, ज्यांच्यासाठी मागवला ते वारले. तो अगदी खऱ्या आवाजात, पहिल्यांदाच खऱ्या आवाजात म्हणाला, 'अरे... म्हणजे ऑर्डर कॅन्सल करायची का सर?' मी फोन ठेवला. मला त्याचा रागसुद्धा पुरता करता येईना. त्याला खरंच तेवढंच कळत होतं. हातपाय धुऊन मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, माल निघालाय.

दुसरा पिस्टन आला तो युनूसभाईंच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर दोन दिवसांनी. शबानानं मला बोलावून घेतलं. तिनं खोका उघडला, दोन्ही पिस्टन रॉकेलनं धुतले, वजन केलं, माप घेतलं, चार-चार ठिकाणी. लॉटचा आकडा सारखा होता. मग दोन्ही स्वच्छ फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि मला म्हणाली, "काका, तुमी उचला. जो उचलाल त्यो कापायचा." मी म्हटलं, मी का? ती म्हणाली, "माज्या मनात एक भरलाय. मी उचलला तर त्यो वाचवीन." मी डोळे मिटून हात पुढे केला. डावीकडचा उचलला. ती तो घेऊन कॉलेजात गेली आणि मी तिथेच बसून राहिलो, उजवीकडच्याकडे बघत. रझियावहिनी येऊन शेजारी बसल्या. त्यांनी इतकंच विचारलं, "ह्यो तरी चांगला आसंल का, भाऊजी?" मी म्हटलं, दुसरा कापल्यावर कळेल. त्यांनी कपाळाला हात लावला. संध्याकाळी शबानाचा फोन आला. घडीव होता. एक नंबर.

पुढचे आठ दिवस ती नोकरीवरून सुटली की गॅरेजवर जात होती. मी शाळेतून जात होतो. माझा उपयोग फक्त बॅटरी धरण्यापुरता. शनिवारी दुपारी इंजिन उभं राहिलं. गाडी शटरबाहेर काढली. शेजारचा टायरवाला, समोरचा पानवाला, वहिनी, सगळे उभे होते. तिसऱ्या किकला ते सुरू झालं. ज्यांनी टू-स्ट्रोकचा आवाज तापत जाताना ऐकलाय त्यांना मी काय सांगतोय ते कळेल, बाकीच्यांसाठी एवढंच लिहितो की त्या आवाजात कुठेही, कसलीही कुरकुर नव्हती. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. टायरवाल्यानं शिट्टी मारली. मला वाटलं, आता ती बसणार आणि नीरा डाव्या कालव्याच्या रस्त्यानं एक फेरी मारून येणार. अडीच वर्षं मी त्या एका फेरीसाठी भांडलो होतो. ती बसलीच नाही. शेजारी उभी राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. दहा मिनिटं झाली आणि तिनं इंजिन बंद केलं, गाडी पुन्हा आत ढकलली, थंड व्हायला तासभर ठेवली आणि पाना घेऊन इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खोलायला बसली.

"अगं, आता काय?" मी म्हटलं. माझा आवाज चढलाच. "चाललं ना? चांगलं चाललं ना?"

"चाललं की," ती नट सैल करत म्हणाली. "दहा मिनटं चालल्यावर पिस्टनला कुठं वरखडा पडलाय का ते बघाया लागतं. एक दिवस जाईल. लई तर दोन."

मी काहीतरी बोलणार होतो. शर्यत जवळ आलीय, एवढं सगळं मोजून झालंय, कापूनसुद्धा झालंय, अजून कुणाची खात्री पटायची राहिलीय, असं बरंच. पण माझ्या गुडघ्यात कळ आली म्हणून मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो. तिनं न बघता हात पुढे केला. मी तिच्या हातात फडकं दिलं. ती एकेक नट काढून, पुसून, निघेल त्या क्रमानं पत्र्याच्या ताटलीत मांडत गेली, आणि मी चिडून ते सगळं बघत राहिलो.